लोखंडाची अंगठी

२०२२ च्या ऑक्टोबरचा शेवट होता. लेक नुकतीच आपला गल्ला बँकेत रिता करून आली होती. जर्मनीत त्या दिवसांत बचत दिन असतो. पोरं आपापली मातीची डुकरं, डबे, बरण्या घेऊन रांगेत उभी राहतात, यंत्रात चिल्लर खळाखळा पडते, पासबुकात आकडा चढतो आणि हातात एखादं कापडी खेळणं मिळतं. लेकीला कोल्हा मिळाला. घरी आल्या आल्या तिने जिन्याच्या पायरीवर दुकान मांडलं. लाकडी पाव, लाकडी गाजरं आणि गल्ल्यावर कोल्हा. गिऱ्हाईक मी एकटीच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या ओमा कठड्याला धरून हळूहळू वर आल्या. नात्याने आमच्या कुणी नाहीत, पण लेक त्यांना ओमा म्हणजे आजी म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ‘दुकान आहे, मग पैसे नकोत का?’ म्हणत त्यांनी झाकण काढलं. आत नोटांची चळत होती. तपकिरी, हिरवट, काहींची पाठ अगदी कोरी. जुन्या वहीचा येतो तसा वास. सगळ्यात वरची नोट हजार मार्कांची, आणि तिच्यावर लाल शाईत नवा आकडा छापलेला: एक मिलियार्ड मार्क. म्हणजे शंभर कोटी. छापून ठेवलेल्या हजाराच्या नोटेवर लाल अक्षरं उमटवून तिचे शंभर कोटी केले होते.

लेकीने शंभर कोटींना एक पाव विकला. ‘फार स्वस्त दिलास गं,’ ओमा म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोघींचा व्यवहार जोरात सुरू झाला. नोटा पायऱ्यांवर पसरल्या, काही चुरगळल्या, एकीवर लेकीने पेन्सिलीने मांजर काढलं. ओमांना त्याचं काही नव्हतं. डबा रिकामा झाला तेव्हा तळाशी एक काळपट अंगठी दिसली. लेकीने ती उचलून अंगठ्यात घातली. तोवर निवांत बसलेल्या ओमांचा हात झटकन पुढे आला.

‘ही नाही.’

आवाज चढला नव्हता, पण लेक दचकली. ओमांनी अंगठी काढून घेतली, एप्रनच्या खिशात टाकली आणि लगेच गाजराचा भाव विचारला. खेळ पुढे चालू राहिला. मी मात्र अडकले. एवढ्या नोटा फाटोत, चुरगळोत, त्यांच्यावर मांजर उमटो, आणि एका लोखंडाच्या कड्याला हात लावायचा नाही?

नोटांची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. १९२३ चं साल निघालं की जर्मन माणूस हमखास सांगतो, आमची पणजी पगाराच्या नोटा कपड्यांच्या टोपलीत भरून आणायची. पगार दिवसातून दोनदा व्हायचा आणि हातात पडला की पळत सुटायचं, कारण संध्याकाळी भाव दुसरा. १९१४ मध्ये एका डॉलरला चार मार्क नि वर थोडे फेनिग पडत. शंभर फेनिगचा एक मार्क. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. बर्लिनमध्ये एक पाव २०,००० कोटींच्या घरात गेला. सरकारी छापखान्याला नोटा पुरवता येईनात म्हणून शंभरावर खासगी छापखाने रात्रंदिवस नोटा छापत होते. तेही पुरेना, मग गावोगावच्या नगरपालिकांनी आपापले पैसे काढले. बीलेफेल्ड हे कापडाचं गाव, त्यांनी रेशमावर आणि लिननवर नोटा छापल्या. माइसेनने तर त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच पोर्सिलेनची नाणी पाडली होती. मी ती संग्रहालयात पाहिली आहेत. इतकी देखणी आहेत की पाहताना आपण कशाची खूण पाहतोय ते विसरायला होतं.

गोष्ट सांगण्याजोगी आहे, म्हणून ती सांगितली जाते. टोपल्या, ढकलगाड्या, नोटा जाळून पेटवलेली चूल. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहतं. त्या अंगठीचं चित्र कुठल्या पुस्तकात मोठ्या आकारात छापलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी शिरा घेऊन खाली गेले. ओमांनी बाकीच्या खोल्यांचं हीटिंग बंद करून स्वयंपाकघर तेवढं ऊबदार ठेवलं होतं. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा गॅस थांबलेला, आणि त्या शरदात सगळ्यांच्याच घरात बिलाची धास्ती होती. दुकानात लोण्याची वडी हातात घेऊन परत ठेवणारे लोक मी त्या महिन्यात पहिल्यांदा पाहिले. शिऱ्यातले बेदाणे बाजूला काढत ओमा आपणहून म्हणाल्या, ‘परवा मुलीला घाबरवलं मी.’ मग त्यांनी अंगठी टेबलावर ठेवली. साधं लोखंडी कडं, झिजून पातळ झालेलं. त्याच्यावर अक्षरं होती, बोट फिरवून वाचावी लागत होती. ‘लोखंडासाठी सोनं दिलं मी.’

पहिल्या महायुद्धात घरोघरचं सोनं असं मागितलं गेलं. लग्नाची अंगठी नेऊन द्यायची आणि बदल्यात लोखंडाची घालून मिरवायची. बोटात सोनं दिसलं तर शेजारणी बघायच्या. ओमांची आजी एसेनची, शिवणकाम करणारी. नवरा आघाडीवर गेला होता. तिने आपली अंगठी दिली, आणि मशीनवर पै पै करून साठवलेल्या पैशांतून युद्धरोखेही घेतले, पाच टक्के व्याजाचे. असे रोखे सरकारने नऊ वेळा काढले आणि त्यांतून ९,८०० कोटी मार्क जमवले. युद्धाचा खर्च करातून न काढता कर्जातून काढायचा आणि जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करायचा, असा हिशोब होता. १८७१ च्या विजयानंतर फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक वसूल केलेच होते. आजोबा १९१६ मध्ये फ्रान्सात व्हर्दूनच्या लढाईत कामी आले. त्यानंतरच्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि समुद्रातून नाकेबंदी होती, तेव्हा शहरं एरवी गुरांना घालतात त्या सलगमासारख्या कंदावर जगली. त्याचाच पाव, त्याचाच मुरंबा. ‘आजी मरेपर्यंत त्या कंदाचा वास आला की खिडकी उघडायची,’ ओमा म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, ‘पण अंगठी तिने स्वतः नेऊन दिली होती. कुणी हिसकावली नव्हती.’

मला आत्याच आठवली.

माझी आत्या साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही, चौतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीचे सगळे पैसे तिने गावातल्या पतसंस्थेत ठेवले. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. काउंटरवर बसणारा मुलगा तिचा विद्यार्थी. संचालकांतले निम्मे ओळखीचे. संस्थेच्या उद्घाटनाला तिने स्वतः दिवा लावला होता. मग एक दिवस शटर अर्ध्यावर आलं आणि दारावर कागद लागला. ठेवीदारांच्या सभा झाल्या, अवसायक नेमला गेला, तालुक्याला हेलपाटे झाले. आम्ही सगळे चेअरमनला शिव्या घालायचो. आत्या घालायची नाही. ती एवढंच म्हणायची, ‘बेरजा मीच शिकवल्या होत्या गं त्याला.’ घरात दरोडा पडला असता तर तिने साऱ्या गावाला सांगितलं असतं. हे मात्र ती कुणाला सांगायची नाही. नवीन कुणी भेटलं आणि विषय निघाला की उठून आत जायची.

१९२३ मध्ये बुडालेली माणसं या जातीची होती. ज्यांच्याकडे कारखाने, जमिनी, परदेशी चलन होतं ते तरले. ज्यांनी कर्ज काढलं होतं त्यांचं कर्ज फिटलं. ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतीने कर्ज काढून कंपन्यांवर कंपन्या घेतल्या आणि कागदी मार्कांत ते फेडलं. आणि सगळ्यात मोठा ऋणको होतं सरकार. १५,४०० कोटी मार्कांचं युद्धकर्ज होतं. त्याची किंमत नवं चलन आलं त्या दिवशी, १५ नोव्हेंबर १९२३ ला, १५.४ फेनिग उरली. कारण एक नवा मार्क म्हणजे एक लाख कोटी जुने. तो हिशोब मी कागदावर दोनदा करून पाहिला. एका देशाच्या लाखो विधवांनी, मास्तरांनी, पोस्टमननी आपल्या देशाला दिलेले पैसे, सगळे मिळून, सोळा फेनिगसुद्धा नाहीत. १९२५ च्या कायद्याने सरकारी रोख्यांचे अडीच टक्के परत मिळाले, तेही कटकटीने. ठेवीदारांनी चिडून आपला वेगळा पक्ष काढला. तो चालला नाही, पण जुन्या शहाण्या पक्षांवरून जे मन उडालं ते उडालंच. शाळेच्या पुस्तकांत या पानावर फ्रेंच सैन्य असतं, व्हर्सायचा तह असतो, १३,२०० कोटी सुवर्णमार्कांची खंडणी असते. तेही खरंच आहे. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने ऱ्हूरच्या खाणी ताब्यात घेतल्या, कामगारांनी काम थांबवलं, सरकारने त्यांना घरबसल्या पगार देण्यासाठी नोटा छापल्या आणि मार्क दरीत गेला. पण मार्क घसरायला लागला होता त्याच्या कितीतरी आधी, युद्ध चालू असतानाच. ज्या दिवशी लोकांनी आपल्या हाताने सोनं नेऊन दिलं, त्या दिवसापासून.

आपण दिलेलं बुडालं, हे तोंडावर आणणं फार कठीण असतं. मग परक्याने लुटलं ही गोष्ट बरी वाटते.

त्याच १९२३ च्या नोव्हेंबरात म्युनिकमध्ये हिटलरचं बंड झालं आणि दोन दिवसांत फसलं. त्यामुळे इथे पुष्कळ लोकांच्या मनात साखळी अशी असते: नोटांच्या टोपल्या, मग हिटलर. मलाही इथे येईपर्यंत तसंच वाटायचं. मधली वर्षं गळून पडतात. पण मधल्या वर्षांत घडी नीट बसली होती. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं होती, म्हणजे जवळपास काहीच नाही. मग १९२९ ची मंदी आली, अमेरिकेने दिलेली कर्जं परत मागितली जाऊ लागली, १९३१ च्या जुलैत एक मोठी बँक कोसळली. चान्सलर ब्र्यूनिंग यांनी यावर उपाय केला तो काटकसरीचा. संसदेला बाजूला ठेवून, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी पगार कापले, पेन्शन कापली, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. भाव वाढत नव्हते, उलट उतरत होते. पण विकत घ्यायला हातात काही नव्हतं. १९३२ च्या सुरुवातीला ६० लाखांवर माणसं बेकार होती. त्यांतली पुष्कळशी कम्युनिस्टांकडे वळली. आपलाही नंबर लागेल म्हणून धास्तावलेले दुकानदार, कारकून आणि शेतकरी दुसरीकडे गेले. नाझींची मतं सप्टेंबर १९३० मध्ये १८ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के.

या काळाची नोट नाही. डब्यात ठेवावं असं त्यातून काही उरलेलं नाही. रिकाम्या खिशाचं काय जपून ठेवणार? घरात बसलेल्या माणसाची गोष्ट कोणी नातवंडांना हसत हसत सांगत नाही.

ओमांचा जन्म १९३४ चा. त्या हिवाळ्यात मी बऱ्याचदा खाली जाऊन बसायचे, कारण त्यांचं स्वयंपाकघर ऊबदार होतं आणि आमचंही बिल वाचायचं. त्यांनी मला १९४८ चा जून सांगितला. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. रविवारी माणशी ४० नवे मार्क वाटले आणि सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे भांडी, चपला, सायकलच्या ट्यूबा प्रकटल्या. जुन्या शंभर मार्कांच्या ठेवीचे मात्र शेवटी साडेसहाच हाती आले. म्हणजे पंचवीस वर्षांत बचत दुसऱ्यांदा गेली. ते सांगताना त्या रंगून जायच्या, चपलांचा रंगसुद्धा आठवायचा त्यांना. एकदा मी विचारलं, आणि तुमचे वडील? त्या थोडा वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोलादाच्या कारखान्यात होते. कामावरून काढलं, मग सव्वादोन वर्षं स्वयंपाकघरात बसून होते. मोठी बहीण सांगायची, रोज सकाळी दाढी करायचे, बूट घालायचे आणि बसायचे. मग त्यांना काम मिळालं.’

कुठल्या साली मिळालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. कुणाचं राज्य होतं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्यांनी कण बशीत टाकले, उठल्या, नळ सोडला. मला वाटतं, ज्या घरात काम परत आल्याचा आनंद झाला त्या घराला पुढे काय झालं ते एकाच दमात सांगता येत नसावं. त्या माणसाला मी माफ करत नाही. पण रोज सकाळी दाढी करून बसणारा तो माणूस माझ्या नजरेपुढून हलतही नाही.

मी २०११ मध्ये ड्युसेलडॉर्फला आले, तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये कर्जात बुडालेला ग्रीस सोडून दुसरा विषय नव्हता. आमच्या कराचे पैसे, त्यांची उधळपट्टी. तेव्हाच्या चान्सलर अँगेला मेर्केल म्हणाल्या होत्या, काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या श्वाबेन भागातल्या एखाद्या गृहिणीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं की ऐपतीबाहेर फार दिवस जगता येत नाही. मला तेव्हा ते पटलं होतं. आमच्या घरातही तसंच शिकवलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीची एक मुलगी बसायची. तिच्या आईची पेन्शन तीनदा कापली गेली होती, भाऊ शिकून घरी बसला होता. ग्रीसमध्ये २०१३ साली शंभरातले सत्तावीस बेकार होते, तरुणांत तर निम्म्याहून जास्त. २०१२ च्या निवडणुकीत तिथल्या उघड नाझीवळणाच्या पक्षाला सात टक्के मतं पडली, तेव्हा ती डबा न उघडता परत घेऊन गेली. एकदा ती म्हणाली, ‘नोटांचे डबे आमच्याकडेही आहेत.’ जर्मन ताब्यात असताना १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं उपासमारीने मेली. ग्रीसच्या बँकेकडून सक्तीने कर्ज घेतलं गेलं. १९४४ च्या नोव्हेंबरात जुने ५,००० कोटी ड्राख्मा देऊन एक नवा ड्राख्मा घ्यायची पाळी आली. आणि १९५३ मध्ये लंडनला जर्मनीचं निम्मं कर्ज माफ झालं, तेव्हा सही करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. कँटीनमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

जर्मनीने आपल्या राज्यघटनेत २००९ साली कर्जाला लगाम घातला, युरोपची मध्यवर्ती बँक फ्रँकफर्टला आपल्या बँकेच्या वळणावर उभी केली आणि ग्रीसला जे औषध दिलं ते महागाईच्या भीतीतून दिलं. टोपल्यांची आठवण त्या प्रत्येक निर्णयात बसलेली होती. दाढी करून स्वयंपाकघरात बसलेला माणूस कुठेच नव्हता. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला मूळ शब्द एकच, ‘शुल्ड’. आपल्याकडे कर्ज वेगळं, अपराध वेगळा, आणि ऋण म्हटलं की उलट मान आदराने झुकते. तुमच्या ऋणात राहायला आवडेल, असं आपण सत्काराच्या भाषणात म्हणतो. हे मी थेस्सलोनिकीच्या मैत्रिणीला समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘हे तुम्ही इथे कुणाला का सांगत नाही?’ पहिल्या महायुद्धानंतरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीने फेडला तो ३ ऑक्टोबर २०१० ला. त्याच वर्षी ग्रीसला पहिलं कर्ज आणि पहिली कात्री मिळाली. इतकी लांब सावली असते युद्धाची, आणि ती भलत्याच्या अंगणात पडते. युरोच्या मदतीला विरोध म्हणून २०१३ मध्ये निघालेला एएफडी हा कडवा उजवा पक्ष २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत २०.८ टक्क्यांवर गेला. पुढच्याच महिन्यात घटनेतला तो लगाम सैल झाला, आधी संरक्षणासाठी. रस्ते, पूल, शाळा यांसाठी इतकी वर्षं जी गाठ सुटत नव्हती ती अखेर युद्धाच्या भीतीने सुटली. बातमी ऐकताना मला लोखंडाची अंगठीच दिसत होती.

मधे सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा आत्याला ही सगळी हकिगत सांगितली. तिला जर्मनीचं फार काही ठाऊक नाही. नोटांवर ती हसली, मांजरावर तर खूपच हसली. अंगठीपाशी आले तशी ती उठली, आत गेली. मला वाटलं, नेहमीसारखी विषय टाळतेय. पण ती कपाट उघडून साडीच्या घडीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत मुदत ठेवीची पावती होती, घडीवर फाटत आलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. खाली निळ्या शाईत काउंटरवरच्या मुलाची सही. ‘अक्षर बघ,’ आत्या म्हणाली, ‘सुंदर होतं त्याचं.’ शेजारची पोरं बघायला पुढे सरकली तशी तिने पिशवी मांडीखाली घेतली.

गेल्या वर्षी ओमा वृद्धाश्रमात राहायला गेल्या. सामान आवरायला त्यांचा भाचा आला होता. जाताना तो वर येऊन बिस्किटांचा डबा लेकीच्या हातात देऊन गेला, मावशीने सांगितलंय म्हणाला. लेक आता मोठी झाली आहे, दुकान मांडत नाही. तिने टेबलावर सगळ्या नोटा ओतल्या, मांजराची नोट शोधून वेगळी ठेवली, डबा उजेडाकडे धरून तळ पाहिला. मग नोटा होत्या तशा परत भरल्या आणि झाकण लावलं.